सात मीटर लोकर आणि मायामीचा उकाडा : कडक उन्हात किल्ट घालून वावरायचं कसं?

१८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ असं हरवलं आणि १९९८ नंतर पहिल्यांदाच पुरुषांच्या फुटबॉल विश्वचषकात जागा मिळवली. मग गट ठरले, वेळापत्रक आलं. हैती आणि मोरोक्कोविरुद्धचे पहिले दोन सामने बॉस्टनजवळ. तिसरा सामना ब्राझीलविरुद्ध, २४ जून २०२६ रोजी, मायामीत.

स्कॉटलंडच्या पाठीराख्यांना 'टार्टन आर्मी' म्हणतात. संघ जिथे जाईल तिथे हे लोक किल्ट घालून जातात. किल्ट म्हणजे चौकडीच्या लोकरी कापडाचा, मागे चुण्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा पारंपरिक पोशाख. आणि जूनमधली मायामी म्हणजे दुपारी ३२ अंशांच्या आसपास तापमान आणि मुंबईच्या मे महिन्याची आठवण करून देणारी दमट हवा.

स्कॉटलंडला अशा हवेची सवय नाही. तिथलं आजवरचं सर्वाधिक तापमान १९ जुलै २०२२ रोजी चार्टरहॉल इथे नोंदवलं गेलं : ३४.८ अंश सेल्सियस. विदर्भातल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल. पण ज्या देशात जुलैच्या दुपारीही पारा साधारण विशीच्या आसपास असतो, तिथे तयार झालेला पोशाख उन्हाच्या गावात कसा घालायचा, हा प्रश्न खराच आहे. तो फक्त फुटबॉलपुरताही नाही. स्कॉटिश वंशाचे लोक ऑस्ट्रेलियात, अमेरिकेच्या दक्षिणेत, आखाती देशांत राहतात आणि लग्नं, संमेलनं, पाइप बँडच्या स्पर्धा यांत किल्ट घालतात.

याचं थोडक्यात उत्तर असं की, किल्ट खालून थंड असतो आणि वरून गरम. उकाडा होतो तो कमरेजवळ, आणि किल्टपेक्षा जास्त त्याच्यासोबत घातल्या जाणाऱ्या बाकीच्या सरंजामामुळे.

किल्टमध्ये एवढं कापड जातं कुठे?

पारंपरिक पद्धतीने शिवलेल्या पुरुषी किल्टला सुमारे आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागतं. दुप्पट पन्ह्याचं चार यार्ड कापड घ्यायचं, मधून उभं कापायचं आणि दोन्ही पट्ट्या जोडायच्या, अशी नेहमीची रीत आहे. नऊवारी साडी नेसणाऱ्यांना एवढ्या लांबीचं नवल वाटणार नाही. पण साडी सुती किंवा रेशमी असते. इथे ती लोकर आहे.

हे कापड वजनाने विकलं जातं, म्हणजे एका यार्डाला किती औंस भरतं त्यावरून. ११ औंसांचं हलकं, १३ औंसांचं मध्यम आणि १६ औंसांचं जड. जड कापडाचं चार यार्डांचं वजन १.८ किलोच्या घरात जातं, हलक्याचं सव्वा किलोच्या. शिवताना काही भाग कापून टाकला जातो, त्यामुळे तयार किल्ट थोडा कमी भरतो. तरीही नेहमीच्या जीन्सच्या जवळपास दुप्पट.

आता हे कापड अंगावर कसं बसतं ते पाहा. पुढे दोन सपाट पदर एकमेकांवर येतात, म्हणजे दोन थर. मागे सगळ्या चुण्या. एका चुणीत कापड तीनदा दुमडलेलं असतं. कमरेपासून नितंबांपर्यंत या चुण्या शिवून घट्ट बसवलेल्या असतात. चांगला शिंपी आतलं जादा कापड तिथे कापून काढतो, पण त्यावर जाड पट्टी आणि सुती अस्तर लावतो. नितंबांच्या खाली मात्र चुण्या मोकळ्या असतात.

त्यावर कमरेला रुंद चामडी पट्टा, पुढे 'स्पोरन' नावाचा चामड्याचा किंवा केसाळ कातड्याचा बटवा, पायात गुडघ्याखाली दुमडलेले जाड लोकरी मोजे. औपचारिक प्रसंग असेल तर वेस्टकोट आणि 'प्रिन्स चार्ली' नावाचा आखूड लोकरी कोट. उकाड्याचा हिशेब मांडायचा तर तो या सगळ्याचा मिळून मांडावा लागतो.

मग पाय गार का राहतात?

कोकणातल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. लुंगी सोयीची का, तर खालून हवा खेळते म्हणून. किल्टचंही तेच. पँटमध्ये पायाभोवतीची गरम, दमट हवा कापडाच्या नळीत अडकून बसते. किल्टमध्ये ती हवा बाहेर पडायला खालचं अख्खं तोंड मोकळं असतं. शिवाय माणूस चालू लागला की मागच्या जड चुण्या मागे-पुढे हलतात, आणि लोहाराच्या भात्यासारखी आतली हवा बाहेर ढकलून नवी आत ओढतात.

फरकही लक्षात ठेवायला हवा. लुंगीचं कापड पातळ, सुती. ती कमरेला सैल करता येते, फारच उकडलं तर वर दुमडून खोचता येते. किल्टची कंबर शिवलेली आणि बक्कलांनी आवळलेली असते. तो दुमडून खोचायचा प्रयत्न कुणी करू नये.

गडद रंगाच्या टार्टनमुळे जास्त उकडतं का, असंही विचारलं जातं. याच्या जवळ जाणारा एक प्रसिद्ध अभ्यास १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला होता. वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. काळ्या आणि पांढऱ्या झग्यात उन्हात उभं राहिलेल्या माणसाच्या त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच भरली. काळं कापड जास्त तापलं होतं, पण झगा सैल असल्यामुळे ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच हवेबरोबर निघून गेली. किल्टच्या मोकळ्या भागाला हा तर्क बऱ्यापैकी लागू करता येईल. आवळलेल्या कमरेला नाही.

उकाड्यात पुरुषांनी स्कर्टसारख्या कपड्याकडे वळल्याची उदाहरणं स्कॉटलंडबाहेरही आहेत. २०१३ मध्ये स्टॉकहोमजवळच्या रोस्लाग्सबानन मार्गावर काही रेल्वेचालकांनी हाफ पँटला परवानगी नाही म्हणून सरळ स्कर्ट घातले. २०१७ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नांत शहरातल्या बसचालकांनी आणि इंग्लंडमधल्या एक्सिटरच्या शाळकरी मुलांनीही तेच केलं. नियमावर टीका करण्याची ती एक खट्याळ पद्धत होती, हे खरं. पण स्कर्ट घातल्यावर बरं वाटलं, हेही खोटं नसावं.

किल्टचा जन्म भट्टीजवळ झाला?

किल्टच्या इतिहासात एक गोष्ट वारंवार सांगितली जाते, आणि ती उकाड्याचीच आहे.

आजचा आखूड किल्ट फार जुना नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँड्स या डोंगराळ भागातले पुरुष जे नेसत, ते सुमारे पाच मीटर लांबीचं एकसंध लोकरी वस्त्र होतं. त्याच्या चुण्या करून कमरेला पट्ट्याने बांधायच्या आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा. रात्री तेच पांघरूण. थंड, पावसाळी डोंगरात ते उपयोगी होतं. काम करताना मात्र अडचणीचं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लँकेशायरहून आलेला टॉमस रॉलिन्सन नावाचा इंग्रज कारखानदार ग्लेनगॅरीच्या खोऱ्यात लोखंडाची भट्टी चालवत होता. झाडं तोडणाऱ्या आणि भट्टीपाशी राबणाऱ्या मजुरांना हे अवजड वस्त्र झेपत नाही असं त्याला दिसलं. मग त्याने शिंप्याकडून त्याचा वरचा भाग वेगळा करवून घेतला आणि खालचा, चुण्यांचा भाग तेवढा ठेवला, असं सांगितलं जातं. ही हकीकत एका पत्रात लिहिली गेली आणि १७८५ मध्ये एडिंबरामधल्या एका मासिकात छापून आली. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ मध्ये आपल्या गाजलेल्या निबंधात तिचा आधार घेतला. स्कॉटलंडचं राष्ट्रीय वस्त्र एका इंग्रजाने घडवलं, हे अनेक स्कॉटिश लोकांना अर्थातच पटत नाही. नुसता खालचा भाग नेसण्याची रीत आधीपासून होती, असं म्हणणारेही आहेत.

वाद कुणाच्याही बाजूने मिटो. पण उष्णतेत काम करायचं तर वरचं कापड कमी करा, हा त्या गोष्टीतला उपाय आजही तितकाच लागू पडतो.

आसई आणि मॅगर्सफाँटेन : सैनिकांनी काय भोगलं?

१७४६ च्या कायद्याने सामान्य हायलँडरला किल्ट घालायला बंदी झाली. ती १७८२ पर्यंत टिकली. ब्रिटिश सैन्यातल्या हायलँड पलटणींना मात्र सूट होती. त्यामुळे किल्ट जगभर पोहोचला तो सैनिकांच्या कमरेवरून, आणि त्यातले बरेच प्रदेश उष्ण होते.

यातला एक धागा मराठवाड्यात येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसई इथे आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याची शिंदे आणि भोसले यांच्या फौजांशी लढाई झाली. वेलस्लींच्या बाजूने ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी लढल्या, आणि ७४ व्या पलटणीची त्या दिवशी भयंकर हानी झाली. या पलटणीच्या इतिहासात तिच्या पोशाखाबद्दल एक छोटी नोंद आहे. ती उभी राहिली तेव्हा किल्ट आणि पिसांची टोपी असा पूर्ण हायलँड गणवेश तिला होता, पण पूर्वेकडे आल्यावर भारतातल्या हवेला योग्य नाही म्हणून किल्ट बंद करण्यात आला. म्हणजे 'किल्ट कुठेही चालतो' हा आजचा अभिमान दोनशे वर्षांपूर्वीच्या सैनिकांना मान्य नव्हता.

दक्षिण आफ्रिकेत याहून वाईट झालं. बोअर युद्धात ११ डिसेंबर १८९९ रोजी मॅगर्सफाँटेन इथे हायलँड ब्रिगेडने पहाटेच्या अंधारात चाल केली. बोअर सैनिक खंदकात दबा धरून बसले होते. गोळीबार सुरू झाला, ब्रिगेडचे प्रमुख अँड्र्यू वॉकोप मारले गेले, आणि शेकडो सैनिक सपाट माळावर पालथे पडून राहिले. उठलं की गोळी. तिथला डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. पालथं पडलेल्या माणसाचा किल्ट गुडघ्यांच्या मागची बाजू उघडीच ठेवतो. तासन्‌तास ऊन खाऊन पायांची मागची कातडी भाजली, फोड आले, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना नीट चालताही येईना.

कपडा पायांना हवा देतो तेव्हा तो त्यांना ऊनही देतो, हे किल्ट घालणाऱ्या हौशी माणसाच्याही सहज लक्षात येत नाही. चेहऱ्याला, मानेला सनस्क्रीन लावलं जातं. गुडघ्यांची मागची खोबण आणि पोटऱ्या विसरल्या जातात. फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जिवाला धोका नाही, पण दिवसभर रांगेत आणि चौकात उभं राहिलं तर तीच कातडी तशीच भाजते.

कापड हलकं घ्यावं की जड?

सरळ उत्तर हलकं असं वाटतं. किल्ट नेहमी घालणाऱ्यांत मात्र यावर एकमत नाही.

जड, १६ औंसांचं कापड स्वतःच्या वजनाने सरळ खाली लोंबतं, पायांना चिकटत नाही, आणि चालताना चुण्या जोरात झुलतात. म्हणजे तो भाता नीट चालतो. अगदी हलकं कापड घामेजल्या मांड्यांना चिकटतं, त्याच्या चुण्या लवकर विसकटतात आणि वाऱ्याच्या झुळकीने ते उडतं. शेवटचा मुद्दा किती गंभीर, हे आत काय घातलं आहे यावर अवलंबून. बरेच जण म्हणून मधला, १३ औंसांचा मार्ग धरतात, आणि तो शहाणपणाचा वाटतो.

वजनापेक्षा कापडाची लांबी कमी करणं जास्त उपयोगी ठरतं. आठ यार्डांऐवजी चार किंवा पाच यार्डांचा किल्ट शिवता येतो. रुंद, पेटीसारख्या चुण्या घातल्या की कमी कापडातही तो नीट दिसतो. यात परंपरेशी तडजोडही नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शिवलेले किल्ट साधारण चार यार्डांचेच असत. आठ यार्ड नंतर आले. मागचे थर कमी झाले की नितंबांजवळचा उकाडा थेट कमी होतो.

लोकरीऐवजी दुसरं काही? लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून घाम आला तरी लोकरी किल्ट बराच वेळ सुसह्य राहतो. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचे किल्ट स्वस्त मिळतात, घरी धुता येतात आणि प्रवासात चुरगळत नाहीत. पण पॉलिएस्टर ओलावा जवळपास शोषतच नाही, आणि कोंदट हवेत ते जाणवतं. सुती किल्टही मिळतात. सिएटलमध्ये २००० साली सुरू झालेल्या 'युटिलिकिल्ट्स' कंपनीने खिसेवाले, कामाच्या पँटसारख्या जाड कापडाचे किल्ट लोकप्रिय केले. ते कमरेऐवजी नितंबांवर, खाली बसतात, त्यामुळे पोटाला हवा लागते. मात्र जाड सुती कापड एकदा घामाने भिजलं की वाळायला वेळ घेतं. पारंपरिक मंडळी त्यांना किल्ट म्हणायलाच तयार नसतात, तो भाग वेगळा.

एकाच सामन्यासाठी नवा किल्ट शिवून घेणारे थोडे. बहुतेकांकडे आधीचा असतो, लग्नात शिवलेला किंवा वडिलांकडून आलेला. त्यांच्यासाठी खरा प्रश्न कापडाचा नाहीच.

मग कमी काय काय करायचं?

कोट आणि वेस्टकोट आधी. टार्टन आर्मीने हे केव्हाच सोडवलं आहे. ते किल्टवर सरळ संघाची जर्सी घालतात. लग्नासारखा प्रसंग असेल तर पातळ सुती किंवा लिननचा सैल सदरा, बाह्या दुमडून. पाइप बँडच्या स्पर्धांतही आता बहुतेक वादक कोटाशिवाय, शर्ट आणि वेस्टकोटवर वाजवतात. (उन्हात पाइपचा सूर चढतो, त्यामुळे त्यांना घामाबरोबर सुराचीही काळजी असते.)

दुसरा, पट्टा. हे अनेकांना माहीत नसतं, पण आजचा किल्ट कमरेच्या रुंद पट्ट्यावर टिकून नसतो. तो बाजूच्या छोट्या चामडी पट्ट्यांनी आणि बक्कलांनी बसतो. रुंद पट्टा शोभेचा. तो काढला की कमरेभोवतीचा एक कोंडणारा थर कमी होतो आणि किल्ट जागचा हलत नाही. उष्णतेत, पोटभर जेवल्यावर बक्कल एक भोक सैल करावं. आधीपासून घट्ट झालेला किल्ट उन्हात घालण्यापेक्षा शिंप्याकडून बक्कल सरकवून घेतलेलं बरं.

किल्टच्या आत सदरा खोचायचा की बाहेर सोडायचा, यावर खोचणं हेच उत्तर आहे, फक्त सदरा सुती हवा. कमरेशी लोकर आणि त्वचा यांच्यात घाम टिपणारं काहीतरी लागतं. नाहीतर अस्तर भिजतं आणि कमरेवर घामोळं उठतं.

स्पोरन लहान, हलका घ्यावा. पुढच्या दोन पदरांवर तो नेमका जांघेसमोर लोंबतो आणि तिथली हवा अडवतो. गर्दी नसेल तेव्हा बाजूला, नितंबावर सरकवून ठेवता येतो. नाचताना लोक तसंच करतात.

मोजे हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोकरी मोजा गुडघ्याखाली दुमडला की तिथे कापडाचे दोन थर होतात आणि वरून आवळपट्टी. पोटरीवरून निघू शकणारी उष्णता तिथेच अडते. ते घोट्यापर्यंत खाली ढकलायचे, किंवा साधे सुती मोजे आणि बूट घालायचे. टार्टन आर्मीतल्या निम्म्याशिम्म्या पायांवर हेच दृश्य असतं. मोज्यात खोचायची छोटी पारंपरिक सुरी मात्र घरी ठेवलेली बरी. विमानतळावर आणि स्टेडियमच्या दारात ती उकाड्यापेक्षा मोठी अडचण ठरेल.

आत काही घालायचं का?

किल्टबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उष्ण हवेत त्याचं उत्तर विनोदावर सोडून चालत नाही. 'खरा स्कॉट' आत काही घालत नाही ही समजूत प्रसिद्ध आहे. याला वैद्यकीय आधार शोधण्याचाही प्रयत्न झाला. रॉटरडॅमचे संशोधक एर्विन कोम्पान्ये यांनी २०१३ मध्ये 'स्कॉटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहिला. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचं तापमान शरीरापेक्षा काही अंश कमी असावं लागतं, किल्टमध्ये ते तसं राहण्याची शक्यता जास्त, म्हणून पितृत्वासाठी किल्ट फायद्याचा असू शकतो, असा त्यांचा मुद्दा. बातम्यांत तो फार गाजला. पण तो आधीच्या अभ्यासांचा आढावा होता. किल्ट घालणाऱ्यांवर केलेला प्रयोग नव्हता.

घामाच्या दिवसात खरी अडचण वेगळी असते. पँटमध्ये दोन मांड्यांच्या मधे कापड असतं. किल्टमध्ये त्वचेवर त्वचा घासते. घामातलं मीठ त्यात भर घालतं, आणि दोन-तीन किलोमीटर चाललं की मांड्या सोलवटतात. यावर उपाय म्हणजे मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, घाम टिपणारी, अंगाबरोबरची आखूड चड्डी. ती नको असेल तर निघण्याआधी मांड्यांना आतून व्हॅसलिन चोळावं. किल्ट भाड्याचा असेल तर हा प्रश्न उरतच नाही. आधी कुणी घातला आणि नंतर कोण घालणार, याचा विचार करून चड्डी घालावी.

दमट हवेत हिशेब बदलतो

बॉस्टन आणि मायामी यांत फरक आहे तो इथे. घाम अंगाला गार करतो तो वाळताना. हवा कोरडी असेल तर किल्टखालचा वारा घाम चटकन वाळवतो आणि बरं वाटतं. हवेतच पाणी भरलेलं असेल तर वारा लागला तरी घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. लोकर ओलावा शोषते हा तिचा गुण, पण ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेरही टाकते. एसी हॉटेलमधून दमट रस्त्यावर पाऊल टाकल्यावर हे जाणवू शकतं. अशा हवेत किल्टच्या मोकळ्या रचनेवर फार भिस्त ठेवता येत नाही.

बसून राहणंही महागात पडतं. बसलं की मागच्या सगळ्या चुण्या शरीर आणि खुर्ची यांच्यात दाबल्या जातात, हवा थांबते, आणि माणूस अक्षरशः लोकरीच्या गादीवर बसतो. प्लास्टिकच्या खुर्चीत तर पाहायलाच नको. त्यामुळे मधेमधे उठून उभं राहावं, चार पावलं चालावं. बसताना चुण्या हाताने खाली सारख्या करून बसायची पद्धत आहे. ती कापडासाठी तर चांगली आहेच, पण उघडी मांडी तापलेल्या खुर्चीवर टेकत नाही, हा तिचा उन्हाळी फायदा.

मायामीतला सामना संध्याकाळी सहाचा आहे, त्यामुळे ऊन उतरणीला लागलेलं असेल. खेळाडूंसाठी या स्पर्धेत प्रत्येक सत्रात तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती ठेवली आहे. प्रेक्षकांसाठी अशी शिट्टी कुणी वाजवत नाही, आणि टार्टन आर्मीचा दिवस सामन्याच्या कित्येक तास आधी, शहरातल्या चौकात, बिअरच्या ग्लासासह सुरू होतो. बिअरने लघवी वाढते आणि शरीरातलं पाणी कमी होतं. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं, पायात गोळे अशी लक्षणं दिसली तर सावलीत नेऊन कमरेची बक्कलं सोडावीत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि थोडं थोडं पाणी पाजावं. बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी थेट वैद्यकीय मदत बोलवावी. घोट घेता येत नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

घामाने भिजलेल्या किल्टचं काय करायचं?

लोकरी किल्ट वॉशिंग मशीनमध्ये टाकला की संपला. लोकर आटते आणि हाताने बसवलेल्या चुण्या मोडतात. त्याची प्रत्येक वेळी गरजही नसते. घरी आल्याबरोबर किल्ट कमरेपाशी चिमट्यांनी धरून हँगरला उलटा, म्हणजे अस्तर बाहेर येईल असा टांगावा. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. थेट उन्हात रंग उडतो. अस्तर आणि चामडी पट्ट्यांची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण घामातलं मीठ चामडं कडक करतं. दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने धूळ झटकायची. ड्रायक्लीनिंग मोसमाच्या शेवटी एकदा पुरतं, पण ते टाळू नये. घामाचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर सगळ्यात आधी लागते, आणि तिची अळी नेमकी चुण्यांच्या घडीत बसते, जिथे पुढच्या लग्नापर्यंत कुणी पाहत नाही.